वामनकाकांची पाजण

पहाटे आमच्या गल्लीत कोंबड्याच्या आधी वामनकाकांची हाक यायची. "किसन, उठला का गा? आज पाजण हाये माही. हात लावाले चाल." माझ्या बाबांना एवढं बोलून ते पुढच्या दाराशी जायचे. उत्तरासाठी थांबायची त्यांना सवयच नव्हती, कारण एके काळी प्रत्येक दारातून माणूस निघायचाच.

मोहाडीतली आमची गल्ली विणकरांची. मागावर चढवण्याआधी उभ्या धाग्यांचा ताणा गल्लीभर पसरायचा, त्याला कनकीची, म्हणजे तांदळाच्या चुरीची, खळ लावायची आणि दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत ऊन चढायच्या आत तो वाळवायचा. हीच पाजण. एकट्या माणसाचं हे काम नाही. आज तुमच्या पाजणीला मी, उद्या माझ्या पाजणीला तुम्ही, असा रिवाज होता. मजुरी कोणी देत नसे. चहा मात्र ज्याची पाजण त्याच्या घरचा.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्यानंतरच्या वर्षांत लुगड्याच्या मजुरीवर घर चालेनासं झालं. माझे बाबा वरठीला कारखान्यात ठेकेदाराकडे लागले. मग एकेक करून सारी गल्ली सकाळच्या मोटारीने जाऊ लागली. वामनकाका तेवढे राहिले. बायको वारलेली. मुलगा नागपुरात कपड्याच्या दुकानात, त्याचा पगार त्याच्याच खोलीभाड्यात जायचा. "माह्या मागाले ठेकेदार नाही," काका म्हणायचे. "मी बसलो का चालू, मी उठलो का सुट्टी." पण बसायला ताणा हवा आणि ताण्याला माणसं.

मी त्याच मोटारीने वरठीच्या पुढे भंडाऱ्याला कॉलेजात जाऊ लागले तेव्हा त्यांना भारी गंमत वाटायची. "काय वो बीएबाई, आता लुगडं इंग्रजीत विणजो!"

एकदा दिवाळीच्या तोंडावर त्यांची हाक आली. सणाआधी लुगडी पोचली नाहीत तर त्यांच्याकडून विणून घेणारा शेठ पुढचं सूत देणार नव्हता. बाबा डबा घेऊन निघालेच होते.

"भाऊजी, याहीचा खाडा पडन नं," आई म्हणाली.

बाबांनी डबा खाली ठेवला. "पडू दे."

त्या सकाळी आम्ही तिघं आणि काका मिळून ताणा वाळवला. काका सारखे बोलत होते. कुंचा फिरवताना कोण कसा कमरेत वाकायचा याच्या नकला करून त्यांनी आईला हसवून हसवून बेजार केलं. इतकं बोलताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने बाबांना फाटकावरूनच परत पाठवलं. आठवडाभर येऊ नको म्हणाला. माझी परीक्षेची फी त्याच पगारातून भरायची होती. ती शेवटी आईने मामाकडून आणली. काकांना हे नळावर कळलं. ते आले, अंगणातच उभे राहिले.

"किसन, मले काहून नाही सांगतलं?"

"सांगून काय करतो, दादा? बसा नं."

"पोरीच्या फीच्या पैशानं मले माहं लुगडं नाही विणाचं," ते म्हणाले, आणि न बसता गेले.

त्यानंतर आमच्या दाराशी त्यांची हाक कधी आली नाही. खुंट्यांना ताणा बांधून ते एकटेच पाजण करत. या बाजूने कुंचा फिरवायचा, धावत त्या बाजूला जायचं, तोवर इकडचे धागे चिकटलेले. रिकाम्या गल्लीत एकटा म्हातारा माणूस ताण्याभोवती धावतोय, हे मी कॉलेजला निघताना पाहायची. जवळ गेले की ओरडायचे, "मोटार सुटन तुयी. जाय!" धागे मागावर तुटत, गाठी पडत. शेठने लुगडी परत केली आणि मग सूतही बंद केलं.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. लोक आईबाबांचं कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण बाबांचा पुन्हा खाडा पडू नये म्हणून काका आमच्या दारावरून मुकाट्याने पुढे जात राहिले, हे कोणाला माहीत नाही.

शेवटच्या वर्षाला असताना एका सकाळी मी मोटारीत चढले, तर माझ्यामागून काका चढले. हातात नवा डबा. कारखान्यात झाडलोटीला त्यांना घेतलं होतं. बाबांनी सरकून जागा केली. काका लगेच बसले नाहीत. दांडा धरून पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत एकेक चेहरा पाहत राहिले.

"अरे," ते म्हणाले, "सारी गल्ली तं इथंच हाये!"

सगळे हसले. काकाही हसले. मग ते बाबांशेजारी बसले आणि डबा मांडीवर घेतला.