मागं कुणीच नसतं

लिंगराजअप्पांचं विभूती, कापूर आणि उदबत्त्यांचं दुकान परभणीत आमच्याच गल्लीच्या तोंडाशी होतं. मठात त्यांच्या पत्नी नीलम्मा भजन म्हणत आणि अप्पा दिलरुब्यावर साथ करत. चाळीस वर्षं त्यांनी बायकोच्या गळ्यामागे गज चालवला. पुढे आमच्या ह्यांनी त्यांना चेलो शिकवला. ‘आमच्या दिलरुब्याचा थोरला भाऊ’ म्हणायचे ते त्याला.

हे गेले आणि अप्पांनी एकच हट्ट धरला. चेलो आणि पियानोसाठी लिहिलेला, गेल्या शतकातला एक जर्मन सोनाटा हे माझ्या पियानोसोबत वाजवत. त्याचा पहिला भाग एकदा तरी न थांबता पुरा करायचा. नोटेशन अप्पांना वाचता येत नसे. ह्यांचं ऐकून सगळं पाठ होतं. पण दर वेळी मध्येच अडायचं. सूर माझ्याकडे आला की ते माझ्यासाठी रेंगाळत. मलाही सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी गाणाऱ्या मुलींमागे वाजवायलाच शिकवलेलं, म्हणून मी त्यांच्यासाठी रेंगाळे. एकमेकांच्या मागे राहता राहता आम्ही दोघंही थांबायचो.

“तुमी म्होरं व्हा बाईसाहेब, मी हाय मागं.”

“यात मागं कुणीच नसतं, अप्पा.”

“मग कुनी कुनाला सांभाळायचं?”

मी पुन्हा पहिलं पान काढलं.

तो चेलो मी पुतण्याला, दिनकरला, द्यायचं कबूल केलं होतं. त्याची मुलगी हैदराबादेत चेलो शिकत होती. ३० जुलै १९७८ रोजी तो जीप घेऊन यायचा होता. तेवढ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. रस्ते अडवलेले, बाजार बंद. दुकान उघडता येईना, म्हणून अप्पा सकाळ-दुपार येत. थोडं वाजवत, उठत, खिडकीतून रस्ता पाहत, पुन्हा बसत. रस्ता अजून दोन दिवस बंद राहावा, असं माझ्याही मनात येई. मग खेड्यांतून दलितांची घरं जाळल्याच्या बातम्या येत आणि स्वतःची लाज वाटे. त्या आठवड्याच्या रोजनिशीत दोन्ही लिहिलेलं आहे.

बंदच्या नवव्या दिवशी सकाळी जीप दारात आली. अप्पा चेलो धरून बसलेच होते. ऊन व्हायच्या आत निघायला हवं, असं दिनकर म्हणाला. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सुरुवात केली.

तिसऱ्या पानावर माझं बोट चुकलं. ते थांबतील म्हणून मी थांबले. ते थांबले नाहीत. डोळे मिटून एकटेच पुढे गेले. मी पानं उलटत मागोमाग धावले आणि शेवटच्या चार सुरांना त्यांना कशीबशी गाठलं.

गज खाली आला तसे ते माझ्यावर चिडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“थांबलात कशाला तुमी? मी चालूच व्हतो की.”

मी पियानोचं झाकण लावलं. त्यांनी गजाचे केस सैल केले, चेलो पुसून पेटीत ठेवला आणि पेटी स्वतः जीपपर्यंत नेली. दिनकरने विचारलं, झालं का तुमचं.

“झालं,” अप्पा म्हणाले. “तुमच्या काकू जरा मागं ऱ्हायल्या.”