बाईंच्या दाराला कुलूप नको

संपादक मंडळींना आणि बाईंवर माया असणाऱ्या सर्वांना नमस्कार.

सुमतीबाईंच्या गौरवग्रंथासाठी लेख पाठवायला दीड महिना उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. समितीची दोन पोस्टकार्डे आली, एकदा एक गृहस्थ स्वतः येऊन गेले. त्यांना मी "उद्या देतो" म्हणालो आणि दिला नाही. हा आळस नव्हता. जे लिहायचे ते बाईंना विचारल्याशिवाय लिहिणे बरे नव्हते, आणि विचारायची छाती होत नव्हती. परवा विचारले. त्या म्हणाल्या, "लिहा. लपवण्यासारखं काय आहे त्यात?" म्हणून आता लिहितो. माझे शिक्षण मराठी तिसरी. चुका सुधारून घ्याव्यात, पण शेवटचा भाग कापू नये.

मी कौले शाकारणारा माणूस. मुलुंडला डोंगराच्या बाजूला कौलारू घरे होती तोवर पावसाच्या आधी दोन महिने मला जेवायला फुरसत नसे. सुमतीबाईंची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या छपरावरच झाली. त्यांचे वडील अण्णा वारले, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. बाई तेव्हा शाळेत शिकवत. मी शिडी लावून वर गेलो, तर बाई अंगणातून म्हणाल्या,

"मिस्त्री, उत्तरेचा कोपरा सोडून बाकीची सगळी कौलं चाळा."

"बाई, तिथंच तर गळतंय. आढ्याखाली दीड वीत फट आहे."

"असू दे. तिथं बिऱ्हाड आहे."

"कोणाचं?"

"घुबडांचं. भाडं देत नाहीत, पण घरात एक उंदीर ठेवत नाहीत."

मला वाटले, बाईंचे डोके फिरले आहे. घुबड घरात ठेवतात का कोणी? पण मजुरी ठरली होती. कोपरा सोडला आणि बाकीची कौले काढून, फुटकी बदलून छप्पर चाळून दिले. त्या कोपऱ्याखाली बाई दर पावसाळ्यात पितळी घंगाळ ठेवत. माझ्यासारख्या माणसाला ते घंगाळ म्हणजे कपाळावर मारलेला शिक्का वाटे. मी शाकारलेले घर गळते, आणि येणारा जाणारा ते बघतो!

अण्णांबद्दल या ग्रंथात शिकलेली माणसे लिहितीलच. मी ऐकलेली एकच गोष्ट सांगतो. डोंगरावरचे रान ठेकेदार तोडायला लागले तेव्हा आमच्या भागात त्याविरुद्ध कोणी तोंड उघडत नव्हते. अण्णांनी घरातले टेबल आणि खुर्ची उचलली, कच्च्या रस्त्याच्या कडेला मांडली आणि खाली येणारा प्रत्येक ओंडका वहीत लिहायला बसले. झाड कोणते, घेर किती, गाडी कोणाची. भांडण नाही, घोषणा नाही. पावसात छत्री धरून बसले. शेवटी गाड्याच त्या रस्त्याने यायच्या बंद झाल्या. ते टेबल घरात अजून आहे. अण्णांचे कॅनव्हासचे बूट, दुर्बीण, वह्यांनी भरलेली दोन कपाटे, सगळे त्यांनी ठेवले तसे आहे. लोक त्याला स्मारक म्हणतात. बाई घर म्हणतात. दर रविवारी शाळेची मुले बघायला येतात, आणि बाई एकेका मुलाला त्या खुर्चीवर बसवून एक नोंद करायला लावतात. खुर्चीला दोरी बांधून ठेवा, मोडेल, असे मी कितीदा सांगितले. ऐकत नाहीत.

त्या घरात काही मारायचे नाही, हा अण्णांपासूनचा नियम. एकदा सकाळी स्वयंपाकघरात धामण शिरली. मी काठी शोधतोय, तर बाई ओट्यावर पाय वर घेऊन बसलेल्या, हातात वर्तमानपत्र. दारात दूधवाला आला. त्याला म्हणाल्या, "जरा थांब हो, पाहुणे आहेत." तो बिचारा पाहुण्यांबरोबर आपल्यालाही चहा मिळेल म्हणून बाहेर वाट बघत बसला. अर्ध्या तासाने पाहुणे मोरीतून निघून गेले.

आता जे लिहायचे ते लिहितो. गिरण्यांचा संप झाला त्या वर्षी बाईंची धाकटी बहीण मिरजेला वारली. बाई तेरा दिवसांसाठी गेल्या आणि घर माझ्या हाती दिले. मी पडवीत झोपायला येऊ लागलो. तिसऱ्या संध्याकाळी पोटमाळ्यावरून आवाज आला. लांबलचक, स्सऽऽ असा. झाकण उघडून डोके आत घातले, तर अंधार, घाण वास आणि माझ्या तोंडासमोर फुत्कार. मी खाली उडीच मारली. नाग, याबद्दल मला शंका उरली नाही.

मारायचा तर नियम नाही. सकाळी आवाज थांबला. तो बाहेर गेला असेल, परत शिरायच्या आत वाट बंद करावी, असा मी विचार केला. बाजारातून सिमेंट आणले आणि आढ्याखालची फट विटेचे तुकडे घालून लिंपून टाकली. खरे सांगायचे तर मनात आणखीही होते. घुबडे जातील तर जावोत. त्या घरातली माणसे एकामागून एक गेली होती, आणि माझी बायको रोज बजावत असे, "त्या घुबडांच्या घरात झोपाक जाव नकात, माका भय वाटता." शिवाय बाई परत येतील तेव्हा घंगाळाची गरज उरलेली नसेल, याचा आनंद होता. वीस वर्षांचा माझा शिक्का पुसला जाणार होता.

संध्याकाळी आवाज पुन्हा आला. म्हणजे एक आत राहिला, असे समजून मी झाकणाला कडी घातली. दोन संध्याकाळी ती मोठी घुबडे आढ्यावर येऊन बसली आणि किंचाळली. एकाच्या चोचीत उंदीर लोंबत होता. मी अंगणात उभा राहून टाळ्या वाजवून त्यांना हाकलले. चार दिवसांत आतला आवाज बारीक होत होत थांबला. मी देवापुढे नारळ फोडला.

बाई परत आल्या. पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या नाहीत, वर बघितले.

"मिस्त्री, आवाज का नाही?"

मी आनंदाने म्हणालो, "गेला, बाई. न मारता घालवला."

"कोण गेला?"

"साप."

बाई पायरीवर बसल्या. चपला काढून बाजूला ठेवल्या. मग म्हणाल्या, "घुबडाची पिल्लं सापासारखी फुत्कारतात, मिस्त्री. भूक लागली की जास्त. मी तुम्हाला सांगून जायला हवं होतं. माझं चुकलं."

त्यांचे चुकले! एवढे ऐकून मी मेलो असतो तर बरे झाले असते. शिडीवर मला चढू दिले नाही. सत्तरीला टेकलेल्या बाई स्वतः वर गेल्या आणि तीन पिल्ले सुपात घेऊन खाली आल्या. पांढरा कापूस आणि हाडे. अण्णांच्या टेबलावर ठेवून त्यांनी मापे घेतली आणि वहीत लिहिले की तीन पिल्ले मेली, फट सिमेंटने बंद झाल्यामुळे अन्न पोचले नाही. माझे नाव कुठेच नव्हते. मी म्हणालो, "बाई, माझं नाव घाला."

"त्यानं कोणाला काय कळणार? कशानं मेली ते लिहिलंय. पुढच्याला तेवढं पुरतं."

दुसऱ्या दिवशी मी सिमेंट फोडले. घुबडे परत आली नाहीत. बाईंनी माझ्यासाठी एक कोरी वही आणली. रोज संध्याकाळी फटीकडे बघायचे आणि काय दिसले ते लिहायचे. मी म्हणालो, "मला कुठं धड लिहिता येतं?" म्हणाल्या, "म्हणूनच. रोज दोन शब्द." आठवड्याला शाळेसारखी वही तपासत. सहा वर्षे मी तिच्यात "आज नाही" एवढेच लिहीत आलो आहे. पण त्या दोन शब्दांनी माझा हात सुधारला, आणि आज हे एवढे लिहितो आहे ते त्यामुळेच. लोक म्हणतात बाई मायाळू आहेत. आहेत, पण त्यांची माया अशी आहे. ती माणसाला मोकळा सोडत नाही, कामाला लावते.

त्याच तेरा दिवसांत माझ्या हातून दुसरी गोष्ट झाली, ती तेव्हा मला कळलीही नाही. सिमेंट आणायला गेलो तेव्हा मी दाराला कुलूप लावले. घर बाईंच्या वडिलांपासून भाड्याचे आहे. मूळ मालक बरे होते, पण नंतरच्या मंडळींना तिथे इमारत बांधायची आहे. त्यांचा माणूस नेमका तेव्हा येऊन कुलपाचा फोटो काढून गेला. पुढे तो फोटो कोर्टात निघाला. म्हणणे असे की बाई तिथे राहत नाहीत, घर बंदच असते. दावा अजून चालू आहे. वकिलांनी बजावले आहे की निकाल लागेपर्यंत दाराला कुलूप दिसता कामा नये. तेव्हापासून बाई एक रात्रही बाहेर राहिलेल्या नाहीत. भाचीच्या लग्नाला गेल्या नाहीत. बाजारात जायचे तर मला किंवा शेजारणीला बसवून जातात. आजही दिवसातून एकदा तरी मालकांचा कोणीतरी फाटकाशी येऊन आत डोकावून जातो.

आणि आता बाईंच्या पोटात गाठ आहे. दिवाळीपासून त्या जेवण टाकत होत्या. आम्हाला वाटले वय झाले. डॉक्टर म्हणाले, आत्ता काढली तर आशा आहे, पावसाळ्यापर्यंत थांबलात तर मी हात लावणार नाही. इस्पितळात चौदा दिवस राहावे लागेल. बाई म्हणाल्या, "मग राहू दे."

मी विनवले, रागावलो, एकदा त्यांच्यासमोर रडलोही. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, मी तिकडे आणि इथं कुलूप. बरी होऊन परत येईन ती कुठं?" मी तिथे राहतो म्हणालो, तर वकील नको म्हणतात. एकच माणूस मुक्कामाला राहिला तर बाईंनी पोटभाडेकरू ठेवला असे मालक म्हणतील.

शेवटी परवा बायकोला घेऊन गेलो. ती कधी कोणाची भीड ठेवत नाही. म्हणाली, "बाईनू, घर घर काय करतास? उद्या तुम्ही गेलात तर ह्या घर काय तुमचा सुतक पाळतला?"

मला वाटले, आता बाई उठून जातील. त्या हसल्या. पोटाला हात लावून हसल्या. म्हणाल्या, "हिला आधी का नाही आणलंत?" मग म्हणाल्या, "बरं. चौदा दिवसांची चौदा माणसं दाखवा. रोज नवा पाहुणा, नाव वहीत लिहिलेलं. तेराही चालणार नाहीत. चौदा भरली की मी पिशवी भरते."

त्यांना वाटले असेल, मिस्त्रीला कुठून मिळणार चौदा माणसे. मी त्याच दिवशी निघालो. आजपर्यंत सहा झाली. मी एक, बायको दुसरी, शेजारीण, दूधवाला, आणि बाईंचे दोन जुने विद्यार्थी, एक घाटकोपरचे आणि एक कांदिवलीचे. आठ कमी आहेत. माझी ओळख इथेच संपली. तुमची मोठी आहे.

म्हणून हात जोडून मागतो. हा लेख ग्रंथ छापून होईपर्यंत ठेवू नये. येत्या रविवारच्या बैठकीत मोठ्याने वाचावा. बाईंवर तुम्ही सगळे भाषणे करणार आहात, शाल देणार आहात, ती द्या. पण त्याआधी एक दिवस द्या. काम काही नाही. सकाळी यायचे, दार उघडे ठेवायचे, रात्री तिथेच झोपायचे, दुसरा आला की निघायचे. कोणी फाटकाशी येऊन विचारलेच, तर बाई बऱ्या होऊन येताहेत असे सांगायचे. चहासाखर मी भरून ठेवली आहे. छप्पर मी बघून घेतले आहे. मोरीचा दगड जरा हलतो, पाय जपून ठेवावा.

ग्रंथात सगळे बाईंना शंभर वर्षे मागतील. मीही मागतो, पण मला एक भीती आहे. बाई आहेत तोवर घर आहे, हे आता सगळ्यांना कळले आहे, आणि आपण त्यांचे आयुष्य घरासाठी मागतो की काय असे कधी कधी वाटते. मी छपराचा माणूस आहे, तरी सांगतो, घर उद्या पडले तरी चालेल. बाईंना दुखल्याशिवाय जेवता यावे, एखाद्या लग्नाला जाऊन दोन दिवस राहता यावे, आणि खूप वर्षे राहता यावे. देवाने त्यांना तेवढी तब्येत द्यावी.

इस्पितळवाले महिनाअखेरीपर्यंत खाट धरून ठेवतो म्हणाले आहेत. आठ नावे हवीत. नाव आणि कोणता दिवस, एवढेच पोस्टकार्डावर लिहून समितीकडे द्या, मी रोज तिथे चौकशीला येतो आहे. बाईंची पिशवी मी त्यांना न विचारता धुऊन वाळत घातली आहे. लवकर कळवा.

आपला,
धोंडू मिस्त्री