दोराची आंघोळ

हसणार नाही असं वचन द्या, मगच सांगतो. हसणारच म्हणा तुम्ही! पण चहा तुमचा आहे, तेव्हा ऐका माझी अक्कल.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी मेंटेनन्सला नवा लागलो होतो. सहा महिने कच्चा, मग पक्का. आणि पक्का झालो तरच लग्न! मुलीच्या वडिलांनी तसं तोंडावर सांगितलेलं.

तशात आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे मशिनी धुऊन-पुसून हळदकुंकू लावतात. सगळी फौंड्री चकाचक, फक्त क्रेनचा तारेचा दोर काळाकुट्ट! वीस वर्षं क्रेन चालवणारे म्हादूमामा त्याला दर शनिवारी ग्रीस फासायचे.

"मामा, उद्या मालक नारळ फोडायला येणार आणि हा दोर असला घाणेरडा?"

"साहेब, त्यो काळाच बरा असतोय. त्येला हात लावू नगासा."

"इंजिनियर कोण, मामा? मी का तुम्ही?"

"तुमीच की!" म्हणत मामा तंबाखू मळायला बाजूला झाले.

मग काय! डिझेलचा कॅन घेतला, तारेचा ब्रश घेतला आणि अख्खी दुपार दोराला आंघोळ घातली. वर हवेचा फवारा मारून आतलं उरलंसुरलं ग्रीसही उडवलं. दोर असा चमकला म्हणता, चांदीच्या पैंजणानं लाजावं! ब्रश हातात धरून त्याच्याशेजारी फोटो काढला, स्टेटसला टाकला. मालक खूश. होणाऱ्या सासऱ्यांनी तर अंगठा पाठवला.

दसरा झाला आणि क्रेन कुईंकुईं करायला लागली.

"साहेब, ग्रीस लावू या?"

"छे! एवढा उजळलेला दोर परत काळा करता?"

तीन महिने मी ग्रीसचं बोट लावू दिलं नाही. पक्का व्हायला आठ दिवस उरले आणि गिऱ्हाइकाचा तपासनीस आला. त्याचं मोठं ओतीव कास्टिंग उचलायचं होतं, ट्रक गेटवर उभा. त्यानं सहज दोरावरून फडकं फिरवलं. फडकं टर्रकन फाटलं! तुटलेल्या तारा काट्यांसारख्या बाहेर आलेल्या. क्रेन तिथल्या तिथं बंद.

गप्प बसेन तर मी कसला? "मालक, दोरच डुप्लिकेट आलाय! आम्ही तर आरशासारखा ठेवलेला. हा बघा पुरावा!" आणि मोबाईलवरचा तोच फोटो त्यांच्यापुढं धरला. डिझेलचा कॅन, तारेचा ब्रश आणि मधे माझे बत्तीस दात.

तपासनिसानं कपाळाला हात लावला. शेवटी मामाच बोलले, "मालक, दोरात शंभर तारा. पुलीवर वाकताना एकमेकीस्नी घासत्यात. ग्रीस हाय तवर सुकानं नांदत्यात. ते धुतलं की झिजत्यात, वाकून वाकून थकत्यात आन् तुटत्यात."

नवा दोर आला. माझं कच्चेपण वर्षानं लांबलं, लग्नही. शनिवारचं ग्रीस माझ्याकडं आलं. आणि मालकांनी तो फोटो मोठा करून क्रेनखाली टांगला, खाली लिहिलं, 'असे करू नये'.

परवाच्या खंडेनवमीला होणारे सासरे फौंड्री बघायला आले. मामांनी पूजा करताना फोटोलाही कुंकू लावून झेंडूचा हार घातलेला. सासरे थबकले. चपला काढल्या, हात जोडले.

"अरं देवा! कवा गेलं वो आमचं जावईपावणं?"

मामा शांतपणे म्हणाले, "गेल्या खंडेनवमीलाच की."

आणि नेमका तेव्हाच मी ग्रीसनं काळंठिक्कर तोंड घेऊन क्रेनमागून बाहेर आलो, "या की, सासरेबुवा!"

सासरे अनवाणी गेटपर्यंत पळाले. तेव्हापासून माझ्या एकाही स्टेटसला अंगठा आलेला नाही.