हॉर्नचं बटण

पेट्रोलमध्ये भिजवलेल्या ब्रशनं माझ्या जुन्या मोटरसायकलचं हॉर्नचं बटण साफ करायला घेतलं, की त्या वासासोबत मला वाळत घातलेल्या मोहफुलांचाही वास येतो. आणि मान आपोआप खाली जाते.

मुलचेऱ्याजवळच्या गावी मी मनोहरच्या, मोहफुलं वाळत घातलेल्या अंगणात बसलो होतो. आम्ही दोघं मित्र आपापल्या गाड्यांवर सिरोंच्यापर्यंत भटकलेलो. पावसाळ्यात तो तापानं गेला आणि त्याची गाडी पडवीत तशीच उभी राहिली. उन्हाळ्यात ती सुरू करून द्यायला मी गेलो. बाकी सगळं जमलं, हॉर्न तेवढा मुका. बटण उघडलं, तर आतल्या पितळी पट्टीवर हिरवा गंज. तो खरवडला, स्प्रिंग बसवली आणि मोठ्या ऐटीत दोनदा बटण दाबलं.

घरामागून मनोहरची आई धावत आली. हातात पाण्याचा लोटा.

"आला काय रे बाबू?"

घरी आला, की तो असाच दोनदा हॉर्न वाजवायचा. मला हे ठाऊक होतं.

ती गाडीजवळ थबकली. माझ्याकडे पाहिलं, मग लोट्याकडे. "घे, तूच पे आता," म्हणाली. "कवाचा उन्हात बसून राह्यला."

मी प्यायलो. तेव्हा वाटलं, तिचं मन राखलं. आता कळतं, तिनंच माझं राखलं.

तेव्हापासून बटण साफ केलं, की मी हॉर्नची वायर सोडवतो, तिथं छोटा बल्ब जोडतो आणि बटण दाबल्यावर तो पेटला की काम झालं म्हणतो. अंगण कोणाचंही असो.