पसंतीसाठी तीन प्रकरणे

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणणारे पुष्कळ आहेत. पण एक धागाही न विणता केवळ बोलून टॉवेल विकणाऱ्यांत बिभीषणराव क्षीरसागरांच्या तोडीचा माणूस त्या पट्ट्यात नव्हता, हे त्यांचे प्रतिस्पर्धीही मान्य करीत. उमेदीची सारी वर्षे त्यांनी एकाच कारखान्याचे विक्रेते म्हणून काढली. पिशवीत सँपल घालून गावोगाव हिंडायचे, दुकानदाराच्या गादीवर ऐसपैस बसायचे, वीतभर तुकडा उलगडायचा आणि त्याचे असे वर्णन करायचे की समोरच्याने बसल्या जागी अंग पुसल्याचे समाधान अनुभवावे. ऑर्डर मिळाली की कारखान्यात फोन जाई आणि त्यानंतरच माल मागावर चढे. तोवर तो माल कोठेही अस्तित्वात नसे. ‘माल तयार आहे का?’ या प्रश्नाला बिभीषणरावांचे उत्तर मात्र कायमचे ठरलेले होते: “गोदामात पडून हाय की!” यात फसवणूक नव्हती. विचारणाऱ्यालाही खरे काय ते ठाऊक असे. तो धंद्यातला सर्वमान्य शिष्टाचार होता, आणि त्याच शिष्टाचाराने त्यांच्या वाङ्मयीन आयुष्याचा घोळ केला.

लॉजवरच्या रिकाम्या संध्याकाळी त्यांनी एक कादंबरी लिहायला घेतली होती. विषय सासुरवाडीचा होता. पत्नी गोजाबाई उजनीच्या जलाशयाकाठच्या. त्यांचे वडील आणि चुलते यांच्या शेतांमधला बांध धरणाच्या पाण्यात गेला, पण त्यावरचे भांडण काही बुडाले नाही. उन्हाळ्यात पाणी हटून बांध उघडा पडला की दोघे भाऊ काठ्या घेऊन तेथे उतरत. पाणी चढले की पुन्हा एकाच होडीत बसून मासे धरीत. असा ऐवज हाती असताना बिभीषणरावांनी पहिली तीन प्रकरणे लिहिली आणि ते थांबले. थांबले म्हणजे, तीच तीन प्रकरणे ते सात वर्षे घोटत राहिले. टॉवेलाची पारख काठावरून होते. त्यामुळे काठ देखणा झाल्याखेरीज पुढचे विणण्यात अर्थ नाही, असे त्यांचे मत होते.

प्रकरणे मनासारखी उतरल्यावर त्यांनी प्रकाशकांकडे पाठवणी सुरू केली. सोबतच्या पत्रात लिहिले होते: ‘पसंतीसाठी तीन प्रकरणे सादर. शेवट तीन प्रकारांत उपलब्ध. उर्वरित कादंबरी ऑर्डरप्रमाणे.’ नव्या गिऱ्हाइकाला कोरडा नमुना पाठवू नये या रिवाजाला अनुसरून प्रत्येक हस्तलिखित एका नॅपकिनमध्ये गुंडाळलेले असे. पुण्या-मुंबईचे प्रकाशक नॅपकिन ठेवून घेत आणि प्रकरणे परत पाठवीत. एकाने तर आणखी नॅपकिन कोठे मिळतील, अशी आस्थेने विचारणाही केली. बिभीषणरावांनी ती ऑर्डर कारखान्याला मिळवून दिली; साहित्याने त्यांना दिलेले ते पहिले यश होय.

एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर ही वार्ता पोहोचायला वेळ लागला नाही. “बिभीषणराव, कादंबरी पांढरीच हाय का रंगीत बी येते?” असे कोणी विचारी. “धुतल्यावर आटत न्हाई न्हवं?” असे दुसरा विचारी. ते स्वतःही हसत. पण निवृत्तीनंतर मागे आपले काही उरावे तर ते हेच, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. आयुष्यभर विकले ते सगळे दुसऱ्याचे विणलेले होते.

अशात बार्शीहून फोन आला. तिथल्या एका लहानशा प्रकाशनसंस्थेच्या संपादक शिवलीला बिराजदार बोलत होत्या. प्रकरणे त्यांना आवडली होती.

“पूर्ण कादंबरी तयार आहे ना?”

“तयार हाय की ताई,” जिभेला लागलेल्या वळणाने उत्तर परस्पर देऊन टाकले. “कपाटात पडून हाय.”

“मग सोमवारी घेऊनच या.”

फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरातून गोजाबाईंचा आवाज आला. “कुटल्या कपाटात वो? मी कालच झाडलं, तितं तर तुमचा स्वेटर हाय नुसता.”

सोमवारी बिभीषणराव एसटीने बार्शीला गेले. धान्याच्या आडतीवरच्या माडीवर शिवलीलाताईंचे कार्यालय होते. टेबलावर हस्तलिखिते होती आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांवर ज्वारीच्या पुरचुंड्या ठेवल्या होत्या. बिभीषणराव खुर्चीवर बसले आणि बोलू लागले. दोघे भाऊ, बांध, काठ्या, होडी, मध्यस्थी करणारा आणि दोघांकडेही जेवणारा पोलीसपाटील हे सगळे त्यांनी असे उभे केले की शिवलीलाताई हसून हसून डोळे पुसू लागल्या.

“फारच छान! आता हे सगळं लिहिलेलं कुठंय ते द्या.”

बिभीषणराव घुटमळले. “तुमी नुसतं हो म्हणा, ताई. लगेच लिवायला घेतो.”

“म्हणजे लिहिलेलंच नाही?”

“ऑर्डरच्या आदी आख्खा माल कोन विणतं, ताई?”

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बिभीषणराव, कादंबरी नमुन्यावर घेतली जात नाही. सुरुवात शंभर जण झकास करतात. शेवटापर्यंत कोण पोहोचतो, हेच आम्हाला बघायचं असतं. आधी पूर्ण करायची आणि मग दाखवायची.”

“बरं, शेवट तेवढा सांगा. एक समेटाचा हाय, एक डोकं फुटल्याचा, एक कोर्टाचा. तुमच्याकडं कंचा चालतो?”

“मी काय दुकान मांडून बसलेय? तुम्हाला कोणता खरा वाटतो?”

गिऱ्हाइकाची पसंती काढण्यात हयात गेलेल्या माणसाला स्वतःची पसंती कोणी कधी विचारलीच नव्हती.

“दिवाळीपर्यंत जागा राखते,” ताई म्हणाल्या. “त्यानंतर तिथं दुसऱ्याचं पुस्तक जाईल.”

दिवाळी चार महिन्यांवर होती. घोटायला, सजवायला सवडच नव्हती. बिभीषणराव लिहीत सुटले. वाक्ये ओबडधोबड येत होती, तशीच ठेवत होते. गोजाबाई पाने वाचून दुरुस्त्या सुचवत, आणि त्या वाङ्मयीन स्वरूपाच्या नसत.

“माज्या बापाला येवढं भांडकुदळ करू नका.”

“अगं, तो तुजा बाप न्हाय. पात्र हाय.”

“मग पात्राच्या तोंडात माज्या बापाच्या शिव्या कशा?”

शेवट मात्र सापडेना. समेट खोटा वाटे, डोके फुटणे सिनेमातले वाटे आणि कोर्टाचा निकाल तर लागतच नसे. अखेर एका दुपारी शेंगा फोडता फोडता गोजाबाई सहज बोलून गेल्या, “एका साली पाणी हटलंच न्हाई. बांध वर आलाच न्हाई. दोगं बी काठ्या घिऊन काठावर बसून ऱ्हायले. भांडायला जागाच न्हाई म्हटल्यावर बोलावं काय, ते बी सुचंना. लई वाईट गेला त्यो उन्हाळा.”

बिभीषणराव हातातल्या शेंगा टाकून उठले आणि त्यांनी तोच शेवट लिहिला. तो कोणत्याही गिऱ्हाइकाने मागितला नसता.

हस्तलिखित बार्शीला गेले, ते नॅपकिनशिवाय. पंधरवड्याने फोन आला.

“कादंबरी घेतली,” शिवलीलाताई म्हणाल्या. “शेवट मी दोनदा वाचला. फक्त एक करायचंय. पहिली तीन प्रकरणं काढायची.”

बिभीषणरावांना ऐकलेले खरे वाटेना. “ताई, ती तर तुमाला पसंत पडली हुती!”

“तेव्हा पुढचं वाचलं नव्हतं. त्या प्रकरणांत तुम्ही मला काहीतरी विकताय. चौथ्यापासून विकायचं विसरलात.”

“दोन काढा. एक ठिवा.”

“नाही.”

“अर्धं?”

“बिभीषणराव!”

“बरं, एक परिच्छेद. पाणी हटतं त्यो.”

पलीकडे पाने उलटल्याचा आवाज आला. “तो ठेवते. पण त्यातली विशेषणं निम्मी करायची.”

“जमलं,” बिभीषणराव म्हणाले, आणि फोन ठेवून खुर्चीत तसेच बसून राहिले. आनंद व्हायला हवा होता, झालाही होता, पण सात वर्षांची तीन प्रकरणे हातची गेल्यामुळे त्याला टेकायला जागा सापडत नव्हती. गोजाबाईंनी सारे विचारून घेतले.

“म्हंजी सात वर्सं जे घोटलं ते न्हाय छापायचं, आन चार म्हयन्यात जे खरडलं ते छापायचं?”

“व्हय.”

“मग आदीच चौथ्यापासनं लिवायचं की!”

बिभीषणराव विशेषणे खोडायला पेन्सिल शोधू लागले.