चौथी पायरी

ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी टीव्हीवर माझ्या नवऱ्याचे हात दिसले, आणि मी चहाचा कप बाकाखाली ठेवून बाहेर आले.

आधीच सांगते, नवरा माझा जिवंत आहे. न्हावऱ्याला घरी, ओसरीतल्या लोखंडी कॉटवर. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डावा हात तेवढा गोधडीखाली सारखा हलत असतो. डॉक्टर म्हणाले, सवयीनं हलतो, हलू द्या. त्या दिवशी सकाळी त्यांचे दोन्ही हात मीच गरम पाण्यानं पुसून निघाले होते. आणि तीन तासांनी तेच हात शिक्रापूरजवळच्या कंपनीत भिंतीवरच्या टीव्हीत भराभर पत्रे उचलत होते. मनगटावर काळा दोरा, अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. माझी कसली चूक होणार? वीस वर्षं त्या हातांना भाकरी वाढली.

हे अठरा वर्षं त्याच कंपनीत प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून भाग काढायच्या मशीनवर, ऑपरेटर होते. ते पडल्यावर मी ठेकेदाराकडून पॅकिंगला लागले. दिवसभर खोकी बांधायची आणि चिकटपट्टी मारायची. मी कुणाची कोण, हे कुणी विचारलं नाही. जुनी माणसं निघून गेलेली, सुपरवायझर नवा, आणि ठेक्यावरची पोरं तर वर्षाला बदलतात.

मग सरकारची योजना आली. कामावर आहेत त्याच माणसांना कंपनीनं वरचं काम शिकवायचं, शिकवण्याचा खर्च सरकार देणार, आणि शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरचा माणूस येणार. सुपरवायझर म्हणाला, "बाहेरनं कुणी आणायचं न्हाई, हाय त्यालाच घडवायचं." आम्हा पॅकिंगच्या आठ बायकांची नावं काढली. पास झाली ती ऑपरेटर होणार आणि तिचं नाव कंपनीच्या पटावर जाणार. पटावरच्या माणसांच्या घरच्यांना कंपनी दवाखान्याचा खर्च देते. दौंडला एक डॉक्टर लकव्याच्या माणसाकडून हातापायांचे व्यायाम करून घेतात. मी यांना चार महिने नेलं आणि मग खर्च झेपेना, बंद केलं. मला ऑपरेटरची हौस कसली डोंबलाची! मला ते दौंड पाहिजे होतं.

तो व्हिडिओ कधीचा, तेही मला आठवलं. काही वर्षांपूर्वी असंच अनुदान आलं होतं, तेव्हा पुण्याहून कॅमेरा घेऊन माणसं आली होती. हे घरी येऊन म्हणाले, "आज माज्या हातांचं शूटिंग केलं. तोंड न्हाई घेतलं." मी म्हणाले, "घेण्यासारखं हाय का तोंड?" त्यावर किती हसले होते. आता वाटतं, घेतलं असतं तर बरं झालं असतं, निदान ते तोंड बोलताना दिसलं असतं.

ट्रेनिंगच्या त्या पहिल्या दिवशी दुपारी आम्हाला मशीनच्या शेडमध्ये नेलं. ओळीनं तीस प्रेस, एकेकीपुढं एक माणूस. बिहारची पोरं, बीडची, दोन-तीन ओडिशाची. जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, सगळे आपापल्या जागी उभे राहिले. मशीन अजून चालू व्हायची होती, म्हणून क्षणभर शांत होतं. तेवढ्यात त्या तीस जणांनी मुडपलेल्या बोटांनी प्रेसच्या जाळीवर दोनदा ठोकलं, आणि तीस तोंडांतून एक आवाज आला. टॉक्.

 मी खांबाला धरून उभी राहिले.

याचं कारण सांगायचं तर म्हशीपासून सांगावं लागेल. आमचे हे धारेला बसायच्या आधी म्हशीच्या खुब्यावर दोनदा ठोकायचे, आणि जीभ टाळूला लावून सोडायचे. टॉक्. तेवढ्यानं म्हस मागचा पाय मागं घ्यायची. पहाटे म्हस आणि सातला प्रेस, तीच बोटं, तीच जीभ. प्रेससमोर उभं राहिल्यावर पण तसंच व्हायचं. कॅमेऱ्यात ते आवाजासकट गेलं, आणि व्हिडिओ बघून शिकलेल्या प्रत्येकानं ते उचललं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं माणूस जिता, मुका होऊन घरी पडलेला, आणि खोड परक्या तीस जणांच्या अंगात शिरलेली.

आणि अजून एक. ते पडले त्या सकाळी मी चुलीपुढं होते. गोठ्यातून टकटक ऐकू आलं, मग टॉक्, आणि मग बादली आपटली. त्यांच्या तोंडातून निघालेलं शेवटचं ते. त्यानंतर आमच्या घरात तो आवाज कुणी काढला नाही. मी म्हशीचा पाय हातानं ढकलते, शिव्या घालते, आणि ती सटवी पान्हा चोरते. पण तो आवाज नाही काढला. त्याच्या पाठोपाठ माणूस पडतो, असं माझ्या मनात घट्ट बसलंय. अडाणी म्हणा. म्हणा की.

आम्हाला शिकवायला होती ती दौंडच्या रेल्वे कॉलनीतली पोरगी. एसटीनं न्हावऱ्यापर्यंत यायची आणि तिथून कंपनीच्या बसमध्ये माझ्याशेजारी. तिनं मला पायऱ्यांचा कागद वाचून दाखवला. एक, हातमोजे. दोन, डाय म्हणजे खालचा साचा पुसणे. तीन, तेल. चार, गार्डच्या जाळीवर दोनदा ठोकून ती घट्ट असल्याची खात्री करणे.

मी म्हणाले, "हे कुणी लिवलं?"

"पुण्याच्या ऑफिसनं, काकू. व्हिडिओ बघून. वरून मंजूर होऊन आलंय."

मला हसावं का रडावं कळेना. म्हशीला पाय सार म्हणून सांगायची खूण, आणि तिच्यावर सरकारचा शिक्का!

"आन् त्यो आवाज?"

"तो नाही लिहिलेला. पण सगळेच काढतात. मी पण." आणि तिनं हसत, माझ्या तोंडासमोर तोंड आणून, काढला. टॉक्.

मी तिच्या तोंडावर हातच ठेवला. "नको गं बाई. नको." ती घाबरली. मग मी तिला हात कुणाचे ते सांगितलं.  कंपनीपाशी उतरताना ती म्हणाली, "काकू, चौथी पायरी सुरक्षेची धरलीय. ती चुकली की बाकीचं कितीही चांगलं करा, नापासच."

बाकीचं मला जमत होतं. पत्रा उचलायचा, डायवर बसवायचा, मग दोन्ही बाजूंची दोन हिरवी बटणं दोन हातांनी एकदम दाबायची. एक दाबलं आणि दुसरं राहिलं, किंवा फार मागंपुढं झालं, तर प्रेस खाली येत नाही. हात डायमध्ये सापडू नयेत म्हणून तशी सोय. पण जाळीवर ठोकायला बोटं मुडपली की माझी जीभ आपसूक टाळूला जाऊन चिकटायची, आणि पुढं हात हलायचाच नाही. बारा दिवसांत एकदाही हलला नाही.

बिहारचा एक उंच पोरगा शेजारच्या प्रेसवर होता. त्यानं ते पाहिलं आणि मला समजावलं, "मौसी, ठोक लो. वीडियो में जिसका हाथ है, वो तो गुजर गया. उसी का मंतर है ये. नहीं बोलो तो मशीन हाथ खा जाती है."

"जळलं तुझं तोंड! कोण गुजरलं? घरी हाय माझा माणूस, सकाळी पेज पाजून आलेय मी!"

त्यानं कानाला हात लावले आणि दोन पावलं मागं सरला. त्या दिवसापासून मी जेवायला बसले की ती पोरं उठून मला जागा द्यायची, आणि माझ्याकडं न बघता जेवायची. मेलेल्या माणसाची बायको म्हणून, का न मेलेल्याची, ते त्यांनाच ठाऊक.

परीक्षेच्या दिवशी पहाटे मी बादली घेऊन गोठ्यात गेले. म्हस पाय रोवून उभी. मला एकदम राग आला, म्हशीचा, त्या कागदाचा, स्वतःचा. म्हटलं, पडून पडून काय, मीच पडेन ना! बोटं मुडपली. तिच्या खुब्यावर दोनदा ठोकलं. टॉक्.

म्हशीनं पाय मागं घेतला. दोन वर्षांनी. मी बसले आणि हात लावायच्या आत तिनं पान्हा सोडला. मी रडत रडत धार काढत होते, तेवढ्यात ओसरीतून आवाज आला. लोखंडावर. टकटक.

बादली तिथंच ठेवून मी धावले. यांनी गोधडी पायाकडं लोटलेली. नजर समोर, माझ्याकडं नाही. डावा हात कॉटच्या दांडीवरून उचलला गेला, हवेतून काहीतरी घेतलं, छातीसमोर नीट बसवलं, बोटानं कड चाचपली. मग हात बाजूला गेला, तळवा खाली, आणि हवेत दाबून तिथंच थांबला. हलेना. हाताला कापरं भरलं तरी खाली येईना. आणि डोळे हळूहळू उजव्या हाताकडं वळले, जो नुसता पडून होता.

तेव्हा मला कळलं.  सवयीनं हलतो म्हणे! दोन वर्षं हा माणूस गोधडीखाली एकच पत्रा लावून उभा होता, आणि दुसरं बटण दाबायला त्याच्याकडं हात नव्हता. आणि मी रोज ती गोधडी सरळ करून जात होते.

मी त्यांच्या उजव्या अंगाला गुडघ्यावर बसले. अंतराचा अंदाज घेतला आणि तळवा खाली दाबला. उशीर झाला होता. त्यांनी हात उचलला आणि परत दाबला. या वेळी आम्ही दोघांनी एकदम दाबलं.

त्यांनी श्वास सोडला. केवढा लांब श्वास! हात आत गेला, तयार झालेला तुकडा काढून बाजूला ठेवला, आणि दुसरा पत्रा उचलला. आम्ही असे किती काढले, मोजले नाहीत. चौकात बसचा हॉर्न वाजला तेव्हा मी भानावर आले. उठले तर त्यांचा हात तसाच वर, वाट बघत. काही सुचेना, म्हणून मी तोंडानं भोंगा वाजवला, कंपनीतल्यासारखा लांब. हात खाली आला. आणि अर्ध्या तोंडातून, ओला, फुटका, पण आला. टॉक्.

परीक्षेला बाहेरून आलेले साहेब कागद लावलेली पाटी घेऊन उभे होते. मी जाळीवर दोनदा ठोकलं, आवाज काढला, पत्रा लावला, दाबलं. मी पडले नाही. प्रेस खाली आली. साहेबांनी कागदावर खूण केली, मग म्हणाले, "उजवा हात जरा मागून येतोय तुमचा."

"शिकतोय अजून," मी म्हणाले. पास झाले.

आता दर आठवड्याला यांना दौंडला नेते. तिथले डॉक्टर म्हणतात, सुधारणा आहे. सकाळी आमचं काय चालतं, ते मी त्यांना सांगितलेलं नाही. निघायच्या आधी पाच तुकडे काढून देते, मग भोंगा वाजवते, मग हे हात खाली घेतात आणि चहा पितात.

एकदाच घाईत भोंगा राहिला. संध्याकाळी आले तर जाऊ, दिवसा यांच्याकडं तीच बघते, दारातच उभी. म्हणाली, "भावजी सकाळधरनं हात खाली घेईनात. खाली केला की परत वर. जेवले बी न्हाईत." आत पाहिलं तर हात तसाच हवेत, तळवा खाली. कपाळावरून घाम गळत होता आणि डोळे दाराकडं लागलेले. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. तशीच गुडघ्यावर बसले आणि बटण दाबलं.