जस्ताची बादली

१९९८ साली मी सत्तावन्न वर्षांचा होतो. तंजावुरातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायचो. शाळा चौथीपर्यंतच, पण मी धुतलेल्या बशीवर डाग दाखवा म्हणावं कोणी.

तिथं एक तमिळ मुलगी संशोधन करायची; मला तात्ता, म्हणजे आजोबा, म्हणायची. जिवंत पेशींत ती एक रंग सोडायची. आत जस्त असलं की तो हिरवा उजळतो, हे तिनंच मला सांगितलं होतं. चष्मा कपाळावर ढकलून, श्वास रोखून ती सूक्ष्मदर्शकात बघायची. तीन महिने तिला सगळंच हिरवं दिसत होतं, जिथं काळोख हवा तिथंही. संशोधनासाठी तिला दिलेली मुदत शनिवारी संपत होती.

शुक्रवारी ती भांडी न्यायला मोरीत आली आणि थबकली. "तात्ता, ही बादली कसली?"

"जस्ती पत्र्याची, घरची. कॉलेजनं प्लास्टिकची दिलीय, पण तिला मी हात लावत नाही. भांडी शेवटी विसळायचं शुद्ध पाणी हिच्यातच घेतो."

तिनं बादलीच्या आतून बोट फिरवलं, त्यावर जस्ताची पांढरी पूड आली. मग हळूच म्हणाली, "फार मन लावून धुतलंत, तात्ता."

तिच्या मार्गदर्शक सरांना तिनं चूक आपलीच म्हणून सांगितलं. ते मी दाराआडून ऐकलं आणि आत गेलो नाही. शनिवारी ती सामान घेऊन गावी गेली.

रविवारी सकाळी मी प्लास्टिकची बादली काढली आणि तिच्या सगळ्या बश्या पुन्हा धुतल्या.